उत्तर: आधी सीलंट, मग वॅक्स

गाडीच्या रंगावर आधी वॅक्स आणि वरून सीलंट (रंग जपणारा कृत्रिम लेप) चालेल का, असा प्रश्न आहे. नाही चालणार. सीलंटला थेट क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, लागतो. मध्ये वॅक्सचा तेलकट थर असला की ते धरत नाही, काही धुण्यांत निघून जातं. म्हणून जुनं वॅक्स आधी काढाच: शाम्पू, क्ले बार (रुतलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं करून पुसून घ्या.

गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. फोम पॅडवर सीलंटचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब एका दरवाजाला पुरतात. थर इतका पातळ हवा की तिरकं पाहिल्यावरच धूसर दिसेल. जाड लावून संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना चट्टे राहतात. बोट फिरवून बघा: खालचा रंग स्वच्छ दिसला तर पुसायची वेळ झाली, ओशट फराटा उठला तर थांबा. पावसाळी दमट हवेत हे हमखास लांबतं.

पुसल्यावर बारा ते चोवीस तास पाणी लागू देऊ नका, दवसुद्धा. मगच कार्नोबा (एका ताडाच्या पानांपासूनचं) वॅक्स. काळ्या प्लास्टिकला आधी मास्किंग टेप लावा, तिथले पांढरे डाग फार छळतात.