मदत हवी आहे : चढत-उतरत कोल्हापूर पाहण्याची सोय

नमस्कार. दिवाळीनंतर माझे काका-काकू नागपूरहून प्रथमच कोल्हापूरला येत आहेत. परदेशातील मोठ्या शहरांत एकदा तिकीट काढले की दिवसभर हव्या त्या थांब्यावर उतरून, स्थळ निवांत पाहून मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढता येते. तशी एखादी सोय आपल्याकडे कोणी वापरली आहे का?

अंबाबाईचे दर्शन, भवानी मंडप आणि शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान जवळजवळ असल्याने तेवढे पायी होईल. खरी अडचण त्यापुढची आहे, कारण १८८४ साली पूर्ण झालेला नवा राजवाडा एका दिशेला आणि रंकाळा दुसऱ्या दिशेला आहे. काकूंचे गुडघे दुखतात; बसची पायरी चढताना त्या आधी दांडा घट्ट धरतात, मग एकेक पाय वर घेतात, त्यामुळे घाई करणारा वाहक नको वाटतो.

के.एम.टी.चा (महापालिकेच्या शहर बससेवेचा) दिवसभराचा पास घेऊन असे फिरणे जमेल का, की ठरवलेली रिक्षाच बरी? सूर्यास्ताला त्यांना रंकाळ्याच्या काठावर बसवायचेच आहे, म्हणून तिथून रात्री स्टँडकडे परतण्याची सोयही कृपया कळवावी.