बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा आहे हे बाबाला आधीच कसं माहीत?

चौकस_चिमणी:
तो निळा गोल बिस्किटांचा डबा सगळ्यांच्या घरी असतोच ना, ज्यात बिस्किटं सोडून सुईदोरा, बटणं, टेप सगळं असतं. तर लेक साडेतीन वर्षांची, तिला विचारलं यात काय आहे, तर "बिस्कीट!" उघडून दाखवला, तोंडच पडलं बिचारीचं. मग झाकण लावलं आणि विचारलं, बाबाने अजून आत बघितलं नाहीये, त्याला काय वाटेल? म्हणे सुईदोरा. बरं, तुला आधी काय वाटलेलं? तर तेही सुईदोराच!! आत्ता तर बिस्कीट म्हणून ओरडत होती. जावेचा पाच वर्षांचा मुलगा मात्र लगेच खिदळायला लागला, काका फसणार म्हणून. दीड वर्षात असं काय होतं डोक्यात?

शंकासुर:
अगदी हाच प्रयोग ८० च्या दशकात स्मार्टीजच्या (रंगीत चॉकलेट गोळ्या) डब्यात पेन्सिली घालून केलेला, लहान पोरं अशीच बोलली. त्याआधी १९८३ ला विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या गोष्टीतला पोरगा मॅक्सी, तो चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, मग परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची पोरं सरळ नवं कपाट दाखवतात, चार-पाचच्या आसपास गाडी रुळावर येते. लेक खोटं बोलत नाहीये हो, माणसाच्या डोक्यात चुकीची गोष्टपण असू शकते हेच तिला अजून पटलेलं नाही, मग ते डोकं स्वतःचं का असेना.

बंड्या_पुणेकर:
मिरर न्यूरॉन. संपला विषय.

शंकासुर:
@बंड्या, एवढ्यात नका संपवू. ते सापडले इटलीत पार्माला, माकडांमध्ये. माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी मेंदूतली ही पेशी पेटते आणि दुसऱ्याला उचलताना बघितलं तरी तीच पेटते. पण हात कुठे चाललाय हे कळणं वेगळं आणि बाबाचा गैरसमज झालाय हे कळणं वेगळं. त्यासाठी कानाच्या जरा वर-मागे, मेंदूचे टेम्पोरल आणि पराएटल लोब (बाजूचा आणि वरचा भाग) जिथे भेटतात तो भाग बघा. २००३ ला सॅक्स आणि कॅनविशर या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये गोष्टी वाचायला दिल्या, कुणाला काय वाटतंय अशी गोष्ट आली की तो भाग जोरात, आणि माणूस नुसता दिसतो कसा एवढंच असेल तर बराच थंड.

खडू_डस्टर:
मी कर्णबधिर मुलांना शिकवते म्हणून सांगते, मेंदूचा भाग आहेच पण त्याला खाद्य लागतं. आईबाप ऐकू येणारे आणि घरात खुणांची भाषा कुणालाच नीट येत नाही, अशा मुलांना हे बरंच उशिरा जमतं. पण आईबाप स्वतःच कर्णबधिर आणि घरात पहिल्यापासून खुणांनी गप्पा, त्यांना वेळेवर जमतं, बहिरेपणा तोच असून. "आजीला वाटलं तू झोपलीस", "दादा विसरला वाटतं" असलं काहीबाही घरात कानावर किंवा डोळ्यांवर पडत राहावं लागतं.

चौकस_चिमणी:
थँक्यू सगळ्यांना! अपडेट, काल बाबा आल्यावर तिने स्वतःच डबा पुढे केला, "बाबा बिस्कीट घे ना". मी खूश, म्हटलं जमलं की! तर तो झाकण उघडायच्या आधीच म्हणते, "आत सुईदोरा आहे, टोचेल हं".