फोटो गॅलरीची साइट सोप्यात कशी चढवायची?

हडपसरकर: मंडळी, गेली सहा वर्षं हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढतोय, चक्रवाक, शेकाट्या, धोबी असे निवडून निवडून ८०० झालेत. आईला आणि सकाळच्या ग्रुपला मोबाइलवर नीट बघता यावेत एवढीच इच्छा. आधी भाड्याचं होस्टिंग घेऊन डेटाबेसवालं गॅलरी सॉफ्टवेअर टाकलेलं, दर अपडेटला काहीतरी मोडायचं, एकदा तर साइट उघडली की नुसतं पांढरं पान, दोन रविवार त्यातच गेले. फोल्डरमध्ये फोटो टाकला, एक कमांड मारली, झालं, असं काही आहे का?

कोथरूड_४११०३८: आहे ना. फोटो काय मिनिटामिनिटाला बदलत नाहीत, मग डेटाबेस हवाच कशाला! सिगल वापरा, फोटोंच्या फोल्डरमधून गॅलरीची साइट बनवणारं सॉफ्टवेअर आहे, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. 'पिप इन्स्टॉल सिगल', मग 'सिगल इनिट' केलं की कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल तयार. फोटो 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये टाकायचे, आतला प्रत्येक फोल्डर म्हणजे एक अल्बम, आणि 'सिगल बिल्ड'. थंबनेल (फोटोंची छोटी रूपं), पानं सगळं तेच बनवतं, पुढच्या वेळी जुन्या फोटोंना हात न लावता फक्त नवे घेतं. 'सिगल सर्व्ह' करून आधी घरीच बघा, मग तयार झालेला बिल्ड फोल्डर गिटहब पेजेसवर चढवा, म्हणजे गिटहबच्या साइट होस्टिंगवर, फुकट आहे.

पेठेतला: वरचं बरोबर, पण मूळ फोटो गिटमध्ये (गिटहबवर फाइली याच्यातूनच चढतात, प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं) अजिबात टाकू नका!! मी टाकले होते, नंतर डिलीट केले तरी हिस्टरीत राहतातच, शेवटी सगळं रेपो, म्हणजे गिटमधला साइटचा फोल्डर, नव्याने करावं लागलं. पेजेसवर साइटला १ जीबीची मर्यादा आहे. तुमचे फोटो १० एमबीचे धरले तर ८०० चे ८ जीबी होतात, पण सिगलमध्ये फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवलीत तर एकेक साधारण अर्ध्या एमबीत बसतो, म्हणजे ४०० एमबी. मूळ फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, तेही दोन ठिकाणी.

पाषाणची: एक कळकळीची विनंती. फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्येच लपलेल्या माहितीत, फोटो कुठे काढला ते जीपीएस असतं, विशेषतः मोबाइलच्या. घरट्याचा फोटो असेल तर जागा सगळ्या जगाला कळते आणि मग तिथे गर्दी, पक्षी घरटं सोडून जातात. सिगलमध्ये एक्झिफ कॉपी करायचं सेटिंग बंदच असू द्या, आणि अल्बमच्या नावातही नेमकी जागा नको.

हडपसरकर: सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री १२० फोटोंचा एक अल्बम केला, लॅपटॉपवर मस्त दिसतोय, आईने चक्रवाक लगेच ओळखला. घरट्यांचे फोटो सरळ बाजूला काढलेत. गिटहबचं रविवारी बसून करतो, अडलो तर इथेच विचारेन.