यूएसबी हार्ड डिस्कच्या विनंत्या १२० किलोबाइटवरच का अडतात?

प्रश्न

यूएसबी २ पोर्टला जोडलेल्या हार्ड डिस्कची वाचनगती मोजण्यासाठी मी लिनक्सवर 'डीडी' ही डेटा कॉपी करणारी आज्ञा कॅश (मेमरीतली तात्पुरती प्रत) टाळून, एका वेळी १०२४ किलोबाइट वाचेल अशी चालवली. डिस्कच्या वापराची आकडेवारी दाखवणारे आयओस्टॅट मात्र डिस्ककडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीचा सरासरी आकार ११३.८ किलोबाइट दाखवते. एका विनंतीची कमाल मर्यादा किलोबाइटमध्ये सांगणाऱ्या या डिस्कच्या 'मॅक्स_सेक्टर्स_केबी' फाइलमध्ये १२० हा आकडा आहे आणि तिथे १०२४ लिहू गेल्यास कर्नल (लिनक्सचा गाभा) ते नाकारतो. संगणकाच्या आत साटा जोडणीने लावलेल्या डिस्कला हाच आकडा १२८० आहे. १२० आला कुठून, आणि सरासरी त्याच्याही खाली का?

उत्तर १

सरासरीचे कोडे आधी सोडवू. १०२४ किलोबाइटमधून १२० चे ८ पूर्ण तुकडे निघतात आणि ६४ किलोबाइट उरतात. एकूण ९ विनंत्या झाल्या. १०२४ ला ९ ने भागल्यास ११३.८ येतात. म्हणजे तुमचे मोजमाप अगदी बरोबर आहे.

ही तोडणी कर्नलचा ब्लॉक स्तर, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्या सांभाळणारा भाग, करतो. प्रोग्रामने कितीही मोठे वाचन मागितले, तरी तो स्तर ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने) कळवलेल्या मर्यादेत बसतील असे तुकडे पाडतो आणि सगळे पूर्ण झाल्यावरच प्रोग्रामला उत्तर देतो, त्यामुळे प्रोग्रामला याचा पत्ता लागत नाही. मर्यादा दोन असतात. 'मॅक्स_एचडब्ल्यू_सेक्टर्स_केबी' ही ड्रायव्हरने सांगितलेली कमाल असून ती वाचता येते, पण बदलता येत नाही. 'मॅक्स_सेक्टर्स_केबी' ही कर्नलने स्वतःवर घातलेली मर्यादा असून ती पहिलीच्या आतच बदलता येते. तुमच्याकडे दोन्ही १२० असणार, म्हणून १०२४ नाकारले गेले.

उत्तर २

१२० किलोबाइट म्हणजे ५१२ बाइटचे २४० सेक्टर (डिस्कवरचे ठरावीक आकाराचे कप्पे), आणि या आकड्याचे मूळ आयडीई या जुन्या डिस्क जोडणीच्या कंट्रोलरमध्ये आहे. त्यांत एका आज्ञेतल्या सेक्टरची संख्या ठेवायला ८ बिटांचेच रजिस्टर (छोटी साठवण जागा) होते आणि त्यात शून्य लिहिले की त्याचा अर्थ २५६ असा घेतला जाई. यूएसबीवरून डिस्कसाठी येणाऱ्या स्कझी नावाच्या पद्धतीतल्या आज्ञेत मात्र या संख्येला १६ बिट असतात, आणि तिथे शून्य म्हणजे खरोखरच शून्य. या आज्ञेचे डिस्कच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या, यूएसबी पेटीतल्या चिपने ३०० सेक्टरची मागणी निष्काळजीपणे ८ बिटांत कोंबली, तर डिस्कपर्यंत ४४ च पोहोचतील. काही उपकरणे मोठ्या विनंतीवर अडकतात, काहींना तर पूर्ण २५६ सेक्टरही झेपत नसत, म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरने २४० वर थांबणे पसंत केले. मला हा निर्णय योग्यच वाटतो, कारण थोड्या गतीसाठी डेटाशी खेळ करणे परवडत नाही.

इतर प्रणालींनीही असाच सावधपणा दाखवला आहे. लिनक्सच्या स्रोतसंहितेतील टिपणीनुसार विंडोज ७ यूएसबी २ आणि ३ दोन्हींवर १२८ सेक्टरवर थांबते, तर मॅक ओएस एक्स १०.११ यूएसबी २ वर २५६ आणि यूएसबी ३ वर २०४८ पर्यंत जाते. लिनक्सही यूएसबी ३ वर २०४८ सेक्टर वापरतो. आतल्या साटा डिस्कची गोष्ट वेगळी, कारण ४८ बिटी पत्त्यांच्या आज्ञांत सेक्टरसंख्येला १६ बिट मिळाले आणि एका आज्ञेत ३२ मेगाबाइटपर्यंत मजल गेली.

उत्तर ३

बदल करायचाच असेल, तर यूएसबी स्टोरेज ड्रायव्हर त्या डिस्कच्या 'डिव्हाइस' फोल्डरमध्ये 'मॅक्स_सेक्टर्स' ही फाइल देतो. तिथले माप किलोबाइटमध्ये नसून सेक्टरमध्ये आहे, हे विसरू नये. आधी फक्त वाचन करून पाहावे, वाचलेल्या फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतात का ते तपासावे आणि कर्नलच्या नोंदींत यूएसबी रीसेट (अडकलेले उपकरण पुन्हा सुरू केल्याची नोंद) आढळल्यास ताबडतोब २४० वर परतावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मोठे लेखनही असेच तुटते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर त्याचा काही भाग नवा आणि काही जुना राहू शकतो. डेटाबेस लिहिणाऱ्यांनी एकसंध लेखनाचा भरवसा कधीच धरू नये.

प्रश्नकर्ता

५१२ सेक्टर ठेवून पाहिले. सरासरी आता नेमकी २५६ किलोबाइट येते, चेकसम जुळतात आणि नोंदींत एकही रीसेट नाही. गतीत मात्र किरकोळच फरक पडला, तेव्हा अडसर यूएसबी २ चाच दिसतो. मी २४० वर परतलो आहे.