कार्निव्हलला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (सोलापूर)

शेजारची मुलगी शाळेच्या हस्तलिखितासाठी ब्राझीलवर लेख लिहिते आहे. काल विचारायला आली, "काकू, कार्निव्हलला मराठीत काय लिहू?" मी 'जत्रा' म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र ते मनाला लागून राहिलं. जत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गड्डा येतो, नंदीध्वज येतात, होम मैदानावरचे पाळणे येतात. आपली जत्रा सिद्धरामेश्वरांची आहे, देवाच्या नावानं भरते. कार्निव्हल भरतो तो पुढं येणाऱ्या उपासाच्या तोंडावर. ईस्टरआधी ख्रिस्ती लोक ४० दिवसांचा उपासकाळ पाळतात. रविवार त्यात मोजत नाहीत, म्हणून त्या उपासाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो. त्या बुधवारच्या आधीचे दिवस म्हणजे कार्निव्हल. आपल्याकडं हल्ली साड्यांच्या सेललाही 'कार्निव्हल' म्हणतात, त्यामुळं शब्दातला उपास पार पुसून गेलाय. हा अर्थ धरून ठेवणारा मराठी शब्द सुचवाल का?

अक्कलकोटहून

शिमगा! दोन्ही सण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात, रंग, सोंगं, आरडाओरडा, मोठ्यांची टिंगल करायची मुभा, सगळं जुळतं. रशियात तर या सणाच्या शेवटच्या दिवशी गवताची बाई करून जाळतात, म्हणजे होळीच की.

सोलापूरहून दुसरे

सर, शिमगा दिसायला जवळचा, पण शिमग्यानंतर कुणी मटण सोडत नाही. ताई, तुमचा शब्द तुमच्याच स्वयंपाकघरात आहे: आखाड. श्रावण लागला की महिनाभर वशाट बंद, म्हणून आषाढातल्या शेवटच्या रविवारी मटणाच्या दुकानापुढं केवढी रांग लागते बघा. आणि अमावास्येला गटारी. गटारी हा मूळचा 'गताहारी', म्हणजे आहार गेला तो दिवस, असंही वाचलं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

आखाड! अहो, हे मला सुचायला हवं होतं. आमच्या घरी आखाड तळतात, कापण्या आणि तिखट पुऱ्या करतात, आणि मी जत्रा सांगत बसले.

पण 'गताहारी' मला पटत नाही. कारण कार्निव्हलच्या बाबतीत अगदी हेच घडलं आहे. 'कार्ने' म्हणजे मांस आणि 'वाले' म्हणजे येतो आता, निरोप. 'मांसा, येतो रे' असा गोड अर्थ लोकांनी नंतर बसवला. मध्ययुगीन इटलीतली जुनी रूपं 'कार्नेलेवारे' अशी सापडतात. लेवारे म्हणजे उचलणं, बाजूला करणं. ताटातलं मांस उचललं, इतकाच साधा अर्थ. हा लेवारे लॅटिनमधल्या 'हलका' या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि तो शब्द आपल्या 'लघु'चा सख्खा भाऊ. आणखी एक मत होतं, की इजिप्तच्या इसिस देवीची नाव, म्हणजे होडी, गाड्यावर घालून मिरवायचे, त्या 'कार्रुस नावालिस'वरून कार्निव्हल आला. त्यातला नाव शब्द आपल्या नावेशी जुळतो म्हणून मला ते मत फार आवडायचं, पण अभ्यासक आता ते मानत नाहीत. कानाला गोड लागली म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. गटारीलाही मी तोच न्याय लावते.

ग्रीक शब्द तर आपल्या दारातला आहे. तिकडं या दिवसांना 'आपोक्रिएस' म्हणतात. आपो म्हणजे आपला 'अप', दूर. क्रिआस म्हणजे मांस, संस्कृतातलं 'क्रव्य'. मांसभक्षकाला क्रव्याद म्हणतात, तेच क्रव्य. 'अपक्रव्य' म्हणा की! बोलायला अवघड आहे, पण संस्कृत शिकलेल्याला फोड करून सांगावीच लागणार नाही.

एक गोष्ट मात्र आखाडापेक्षा वेगळी. पूर्वी त्या उपासात अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असायचं. म्हणून घरात उरलेलं संपवायचं. इंग्लंडात राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, धिरड्यासारखे पॅनकेक, पोलंडमध्ये आधीच्या गुरुवारी तळलेले गोड गोळे. फ्रेंचांचा 'मार्दी ग्रा' म्हणजे चरबीचा मंगळवार. रशियात मांस एक आठवडा आधीच बंद होतं आणि दूधदुभतं तेवढं चालतं, म्हणून त्या आठवड्याचं नावच लोण्यावरून पडलं, मास्लेनित्सा. इंग्रजांच्या 'श्रोव्ह ट्यूजडे'त मात्र खाण्याचं नाव नाही. श्राइव्ह म्हणजे धर्मगुरूपुढं पापं कबूल करून क्षमा मिळवणं. एकाच मंगळवारी कुणाला चरबी आठवली, कुणाला पाप.

मडगावहून

माझं माहेर सोलापूर, सासर इथलं, म्हणून राहवलं नाही. गोव्यात जुनी माणसं कार्निव्हल म्हणत नाहीत, 'इंत्रुज' म्हणतात. पोर्तुगीज 'एंत्रुदु'वरून, आणि तो लॅटिन 'इंत्रोइतुस'वरून, म्हणजे प्रवेश. तुमच्या सगळ्या शब्दांत काहीतरी सोडायचं आहे, आमच्या शब्दात उपासकाळात पाऊल टाकायचं आहे. त्या उपासकाळाला कोकणीत 'कोरेज्म' म्हणतात, चाळीसवरूनच. कार्निव्हलचा राजा किंग मोमो आणि चित्ररथ पणजीच्या रस्त्यावर दिसतात तो झाला मोठा कार्निव्हल. गावातला इंत्रुज म्हणजे एकमेकांवर पीठ आणि पाणी टाकणं. पोर्तुगीजांनी हाच एंत्रुदु ब्राझीललाही नेला. तिकडं आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचे ढोल आणि नाच त्यात मिसळले, आणि सांबा पुढं आला. तेव्हा त्या मुलीच्या लेखात इंत्रुज यायलाच हवा.

अक्कलकोटहून

शिमगा मागे घेतो. पण गटारी नको. त्याच अमावास्येला आमच्याकडं दिव्यांची अवस असते. दिवे घासूनपुसून, कणकेचे दिवे करून पूजा होते. गटारी या नावानं ते झाकून जातं. शाळेच्या हस्तलिखितात तर नकोच.

मूळ प्रश्नकर्ती

मान्य. रिओच्या मिरवणुकीला आखाड म्हटलं तर तिच्या वर्गातली मुलं गोंधळतील, म्हणून शब्द 'कार्निव्हल' हाच ठेवते. आज संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून पहिलं वाक्य लिहिलं: "श्रावण लागायच्या आधी आपल्याकडं आखाड होतो, तसा ईस्टरआधीचा मोठा उपास लागायच्या आधी ब्राझीलमध्ये कार्निव्हल होतो." इंत्रुज दुसऱ्या परिच्छेदात घेतलाय. 'अपक्रव्य' तिला इतका आवडला, की समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलाय, संस्कृतच्या बाईंना दाखवायला.