‘अक्षय’ की ‘हुकमी’? ऊर्जास्रोतांची खरी विभागणी कोणती?

पाणचक्की :
ऊर्जास्रोतांची एकच विभागणी आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. सूर्य, वारा, वाहते पाणी आणि भूगर्भातील उष्णता हे अक्षय. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि युरेनियम हे संपणारे. ही विभागणी चुकीची नाही, परंतु तिच्यातून साठा पुन्हा भरतो की नाही एवढेच कळते. वीज बनवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला रोज पडणारा प्रश्न वेगळा असतो: मागितली त्या क्षणी वीज मिळेल का? म्हणून स्रोतांची पहिली विभागणी ‘हुकमी’ आणि ‘लहरी’ अशी करावी, असे माझे ठाम मत आहे.

औष्णिक केंद्रात कोळसा पिठासारखा बारीक दळून हवेच्या झोताबरोबर भट्टीत फवारतात. भट्टीच्या भिंतींतील नळ्यांमधून वाहणाऱ्या पाण्याची ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची वाफ होते, ती टर्बाइनची पाती फिरवते आणि त्याच आसावर बसवलेले जनित्र वीज देते. अणुकेंद्रात भट्टीऐवजी अणुभट्टी असते आणि भूऔष्णिक केंद्रात वाफ जमिनीतून येते. पुढची यंत्रणा जवळजवळ तीच. कोळशाचे खरे मोल त्याच्या साठ्यात आहे. जगातील बराचसा दगडी कोळसा म्हणजे सुमारे ३० ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनस्पतींनी टिपलेला सूर्यप्रकाश आहे आणि हवा तेव्हा तो पेटवता येतो. आजचे ऊन मात्र आजच वापरावे लागते. साठवणुकीची सोय होण्याआधी इंधनावरची केंद्रे बंद करू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

निशिगंध :
आपण ज्याला मोल म्हणता, तोच माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका आहे. त्या वनस्पतींनी हवेतून केवळ सूर्यप्रकाश साठवला नाही, तर कार्बनही काढून जमिनीत गाडला आणि तो आपण दोन-अडीच शतकांत परत हवेत सोडत आहोत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२०च्या वर गेले आहेत. आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या २०१४ सालच्या अहवालात बांधणीपासून मोडणीपर्यंतचे सगळे उत्सर्जन धरून एका युनिटमागचे मध्यम आकडे दिले आहेत. कोळशाचे ८२० ग्रॅम, वायूचे ४९० ग्रॅम, तर अणुऊर्जेचे आणि पवनऊर्जेचे १२ ग्रॅमच्या आसपास. ज्या विभागणीत हा फरक दिसत नाही, ती मी पहिली मानू शकत नाही.

शिवाय कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण ६० टक्क्यांहून अधिक भाग धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून वाया जातो. सौर घटात हा उष्णतेचा फेराच नाही. सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरसचे आणि दुसऱ्यात बोरॉनचे अत्यल्प मिश्रण करतात, त्यामुळे दोन्ही थरांच्या सीमेवर विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशकणाने सुट्टा केलेला इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रामुळे एकाच दिशेने ढकलला जातो आणि तोच प्रवाह आपल्याला तारेत मिळतो. एकही भाग हलत नाही, काहीही जळत नाही. १९५४ साली बेल प्रयोगशाळेने दाखवलेल्या घटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारात मिळणारी अनेक पॅनेले २० टक्क्यांच्या पुढे आहेत.

वाफयंत्र :
कार्यक्षमतेची ही तुलना मला पटत नाही. प्रत्येक यंत्राला निसर्गाने मर्यादा घातली आहे. उष्णतेच्या यंत्राला कार्नोची, म्हणजे तप्त आणि थंड बाजूंच्या तापमानांवरून ठरणारी मर्यादा आहे, पवनचक्कीला वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा घेता येत नाही आणि एकपदरी सिलिकॉन घटाची सैद्धांतिक कमाल ३३ टक्क्यांच्या आत आहे. वाऱ्याला किंवा उन्हाला इंधनाचा खर्च नसल्याने तिथे ही गळती बोचत नाही, इतकेच.

मूळ मुद्दा वारंवारतेचा, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होऊन फेरा पूर्ण करतो त्याचा आहे. मी वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात बरीच वर्षे काढली आहेत आणि तिथे सतत नजर असते ती वारंवारतेच्या आकड्यावर. ज्या वीजजाळ्यात ती ५० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ५० फेरे, ठेवायची असते, तिथे ४९.९ दिसले की मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली हे समजते. सायकलचा डायनॅमो ज्यांनी वापरला आहे, त्यांच्या पायांना हे ठाऊक आहे. डायनॅमो टायरला टेकला आणि दिवा पेटला की पायडल जड होते, आणि आपण जोर वाढवला नाही तर चाक मंदावते. वीजजाळे म्हणजे एकाच लयीत फिरणारी अशी शेकडो चाके आहेत. मागणी अचानक वाढली तर मोठ्या केंद्रांचे अजस्र फिरते भाग आपल्या गतीतील ऊर्जा देऊन पहिले काही क्षण तोल सांभाळतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे हा आधार ते आपसूक देत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले, तारांवर लागोपाठ बिघाड झाले, काही पवनक्षेत्रांची निर्मिती एकाएकी घटली आणि शेजारच्या राज्याशी जोडणारी वाहिनी त्या भाराने आपोआप बंद पडली. संपूर्ण राज्य अंधारात गेले.

निशिगंध :
त्या घटनेचा पुढचा भागही सांगायला हवा. पवनक्षेत्रांची निर्मिती वारा पडल्यामुळे घटली नव्हती. विद्युतदाबात ठरावीक वेळा खळगे पडले की यंत्राने माघार घ्यावी, अशी संरक्षणाची मांडणी त्यांत केलेली होती आणि ती नंतर बदलण्यात आली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१७ साली, त्याच राज्यात हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉटची बॅटरी बसली. वारंवारता घसरू लागताच ती सेकंदाच्या अंशात वीज सोडते. कोणत्याही बॉयलरला इतकी चपळाई जमत नाही.

अरुणोदय :
दोन्ही बाजू वाचल्या. दोन्ही विभागण्यांत न बसणाऱ्या गोष्टींकडे लक्ष वेधतो, कारण खरे शिकण्यासारखे तिथेच आहे.

कॅलिफोर्नियातील ‘द गायझर्स’ हे जगातील सर्वांत मोठे भूऔष्णिक वीजक्षेत्र मानले जाते. उष्णता अक्षय, हे खरे. परंतु ती वर आणणारी वाफ तिथे निसर्ग भरून काढू शकत होता त्याहून वेगाने उपसली गेली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाब घसरून निर्मिती कमी होऊ लागली. खाली खडक तापलेलाच होता. आटले होते ते पाणी. अखेर १९९७पासून नळवाहिनीने प्रक्रिया केलेले सांडपाणी आणून विहिरींतून खडकात सोडले जाऊ लागले. वसाहतींच्या सांडपाण्याची पुन्हा वाफ होऊन टर्बाइन फिरते, ही मला या साऱ्या विषयातली अत्यंत समाधान देणारी गोष्ट वाटते. लाकडाचेही असेच आहे: जंगल वाढते त्याहून वेगाने तोडले, तर ते अक्षय राहत नाही. म्हणजे ‘अक्षय’ हा स्रोताचा जन्मजात गुण नसून आपल्या उपशाच्या वेगाशी बांधलेला गुण आहे.

‘लहरी’ या शब्दालाही माझी हरकत आहे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६पासून २४० मेगावॉटचे भरती-ओहोटीवरचे केंद्र चालू आहे. तिथली वीज दिवसातून अनेकदा थांबते, पण केव्हा थांबेल हे चंद्र-सूर्याच्या गणितावरून वर्षानुवर्षे आधी सांगता येते. खंडित असणे आणि अनिश्चित असणे या दोन गोष्टी एका शब्दात कोंबू नयेत. आणि युरेनियम? खाणीतून निघणाऱ्या युरेनियमपैकी सहज विखंडन पावणारा २३५चा समस्थानिक अवघा ०.७ टक्के असतो. तो निश्चितच संपणारा आहे, पण कार्बनच्या हिशेबात त्याची जागा वाऱ्याच्या शेजारी आहे.

पाणचक्की :
‘लहरी’ हा शब्द मी मागे घेतो. भरती-ओहोटीचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. गायझर्सचे उदाहरणही मला नवे होते.

बॅटरीबद्दल मात्र समाधान झालेले नाही. हॉर्न्सडेलची क्षमता सुरुवातीला १०० मेगावॉट होती, पण तिच्यात मावणारी ऊर्जा १२९ मेगावॉट-तास. म्हणजे पूर्ण भाराने ती जेमतेम सव्वा तास पुरली असती. क्षण सावरणे आणि आठवडा निभावणे यांत फार अंतर आहे. उत्तर युरोपात हिवाळ्यात कधीकधी अनेक दिवस आभाळ झाकोळलेले आणि वारा पडलेला असतो. जर्मन भाषेत या स्थितीला ‘डुंकेलफ्लाउटे’ असा स्वतंत्र शब्द आहे. उदंचन प्रकल्पात पाणी वर चढवून ठेवता येते, परंतु त्यासाठी उंचीवर एक आणि पायथ्याशी एक असे दोन जलाशय लागतात, तशी जागा सर्वत्र नसते आणि चढउतारात साधारण चतुर्थांश वीज खर्ची पडते. त्या आठवड्यात कोळशाचा ढीग हाताशी असावा, असे मी म्हणतो.

निशिगंध :
आठवड्याची अडचण मला पूर्ण मान्य आहे आणि तिच्यावर बॅटरी हे आजचे उत्तर नाही. परंतु आपली हुकमीपणाची कसोटी आपण कोळशालाच लावून पाहावी. थंड पडलेला बॉयलर पेटवला की त्याचे जाड धातूचे भाग सावकाश तापवावे लागतात, अन्यथा त्यांत ताण येऊन भेगा पडतात. पूर्ण भार घेईपर्यंत बरेच तास जातात. हा विलंब टाळायचा म्हणून अशी केंद्रे ऊन-वारा मुबलक असतानाही मंद आचेवर चालू ठेवली जातात आणि नको त्या वेळी इंधन जळत राहते. धरणाची दारे काही मिनिटांत उघडतात, साधे वायू टर्बाइन तासाभराच्या आत भार घेते. वर्षातले मोजके दिवस चालणारे वायूकेंद्र राखून ठेवायला माझी हरकत नाही, कारण हवेत जाणारा कार्बन उभ्या केंद्रांच्या क्षमतेवरून ठरत नाही, जाळलेल्या इंधनावरून ठरतो. राखीव म्हणून नेमके काय ठेवायचे, एवढाच आपल्यातला वाद आता उरला आहे, आणि तिथे कोळशाची बाजू कशी मांडणार हे मला आपल्याकडून किंवा ‘वाफयंत्र’ यांच्याकडून वाचायचे आहे.