‘५+२’ चर्चेचं दुकान आता बंदच करावं का?

नदीपल्याड
ट्रान्सनिस्ट्रिया म्हणजे मोल्दोवातून फुटलेली, मुख्यतः द्नीस्तर नदीच्या डाव्या काठाची चिंचोळी पट्टी. १९९२ ला युद्ध झालं, जुलैत शस्त्रसंधी. आजवर एकाही देशाची मान्यता नाही, रशियाचीसुद्धा नाही. २००५ पासूनच्या ‘५+२’ चर्चेत पाच जण: किशिनाव (मोल्दोवाची राजधानी), तिरास्पोल (ट्रान्सनिस्ट्रियाची), रशिया, युक्रेन आणि ओएससीई ही युरोपातल्या सुरक्षा व सहकार्याची संघटना. वरचे दोन निरीक्षक, युरोपीय संघ व अमेरिका. शेवटची बैठक ऑक्टोबर २०१९, ब्रातिस्लावा. त्यानंतर एका मध्यस्थाने, रशियाने, दुसऱ्यावरच, युक्रेनवर, सैन्य घातलं! आता कोण कोणासमोर बसणार? मोडीत काढा.

खडीसाखर
इतकी घाई नको. दोन्ही काठ जोडणारा द्नीस्तरवरचा गुरा बिकुलुईचा पूल बघा. १९९२ ला उडवला, २००१ ला युरोपच्या पैशाने दुरुस्त झाला, आणि १६ वर्षं वाहनांसाठी बंदच. नोव्हेंबर २०१७ ला खुला झाला तो याच चर्चेमुळे. पलीकडच्या गाड्यांना चालतील अशा नंबरप्लेट, तिथल्या पदव्यांना मान्यता, शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीत जाता येणं, हेही त्यातलंच. काठावर राहणाऱ्याला विचारा याची किंमत.

नदीपल्याड
किंमत मान्य. पण मूळ दुखणं? १९९९ ला इस्तंबूलमध्ये रशियाने सैन्य काढून घ्यायचं कबूल केलं होतं. अजून तिथंच आहे. नंबरप्लेटवर किती दिवस काढायचे?

सारीपाट
अझरबैजानमधल्या, आर्मेनियन वस्तीच्या काराबाखच्या वादासाठीही मिन्स्क गट हा ओएससीईचा मध्यस्थ गट होताच की. २०२३ च्या सप्टेंबरात लाखभर आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून गेले. इथं १९९२ नंतर युद्ध पेटलं नाही.

नदीपल्याड
त्याचं श्रेय मुत्सद्द्यांना कशाला? पलीकडचा कारखानदार माल युरोपात विकतो, तिथला फुटबॉल क्लब शेरीफ तिरास्पोल मोल्दोवाच्या लीगमध्ये खेळतो. पोटापाण्याच्या गाठी आहेत त्या. रशियाचा जवळपास फुकटातला गॅस १ जानेवारी २०२५ ला थांबला आणि भर थंडीत घरांचं हीटिंग गेलं. तेव्हा ‘५+२’ कुठं होतं?

खडीसाखर
किशिनाव-तिरास्पोल थेट बोलणी चालू आहेत, ती चालोतच. पण ट्रान्सनिस्ट्रियातल्या कोबास्नाच्या कोठाराचं काय? युक्रेनच्या सीमेला चिकटून सोव्हिएत काळातला सुमारे २०,००० टन दारूगोळा, पहाऱ्यावर रशियन सैनिक. तो हलवायचा तर मॉस्कोची सही लागणार आणि रस्ता कीवकडून. हे दोघे नसलेल्या टेबलावर तुम्ही कोबास्ना कसं सोडवणार, तेवढं सांगा.